कुठले स्मिथ?

स्मिथ हे ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत सर्वाधिक आढळणारे आडनाव आहे. साहजिकच तिथल्या विज्ञानात आणि अभियांत्रिकीतही स्मिथांची कमतरता कधी भासली नाही. फॅरडे किंवा केप्लर असे दुर्मीळ आडनाव लाभलेल्या माणसाने नुसते संशोधन केले तरी भागते. स्मिथला आधी संशोधन करावे लागते आणि मग ते आपणच केले, दुसऱ्या कुठल्या स्मिथने नव्हे, हेही जगाला पटवावे लागते. दुसऱ्या कामाला विद्यापीठे पगार देत नाहीत.

या मंडळींचा इतिहास सुरू होतो विल्यम स्मिथ (१७६९–१८३९) यांच्यापासून. ऑक्सफर्डशायरमधल्या चर्चिल गावच्या लोहाराचा हा मुलगा सर्व्हेअर झाला आणि १७९० च्या दशकात सॉमरसेट कोल कॅनॉलच्या कामावर लागला. कोळसा वाहून नेण्यासाठी कालवा खोदायचा, म्हणजे जमीन आयतीच कापून समोर मांडलेली. खडकांचे थर सगळीकडे ठरावीक क्रमाने येतात, हे स्मिथांच्या लक्षात आले. पण पंचाईत अशी की पुष्कळ थर दिसायला हुबेहूब सारखे. करडी माती इथेही आणि पन्नास मैलांवरही. दोन्ही एकच की वेगवेगळ्या? स्मिथांनी उत्तर शोधले ते थरांतल्या जीवाश्मांत. प्रत्येक थरात ठरावीक जातींचे शंखशिंपले सापडतात, आणि त्यांवरून थराची ओळख पटते. सारखे दिसणारे दोघे वेगळे कसे ओळखावेत, हा प्रश्न एका स्मिथनेच सोडवावा, हे योग्यच म्हटले पाहिजे.

१८१५ साली त्यांनी इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडच्या काही भागाचा भूशास्त्रीय नकाशा प्रसिद्ध केला. आठ फुटांहून उंच, सहा फूट रुंद, हाताने रंगवलेला, आणि जवळजवळ सगळा एका माणसाच्या पायपिटीतून उभा राहिलेला. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीतील सभ्य गृहस्थांनी मात्र या लोहारपुत्राला सभासद करून घेतले नाही. तिचे पहिले अध्यक्ष जॉर्ज ग्रीनो यांनी १८२० साली स्वतःचा नकाशा बाजारात आणला, तोही स्मिथांच्या नकाशापेक्षा स्वस्त. त्याच्या आदल्या वर्षी स्मिथ कर्जापायी किंग्ज बेंच तुरुंगात जाऊन आले होते. पुढे १८३१ साली सोसायटीला उपरती झाली. तिने आपले पहिले वोलस्टन पदक स्मिथांना दिले आणि अध्यक्ष अ‍ॅडम सेज्विक यांनी त्यांना इंग्लिश भूशास्त्राचे जनक ठरवून टाकले. लोकांनी त्याच्या कितीतरी आधीच आपल्यापुरता निकाल लावला होता. थरांबद्दल अष्टौप्रहर बोलणाऱ्या या माणसाला ते ‘स्ट्रॅटा स्मिथ’ म्हणत. वाड्यात चार जोशी असले की एक पोस्टातले, एक पेटीवाले आणि एक नुसतेच खोकणारे होतात, त्यातलाच हा प्रकार.

फ्रान्सिस पेटिट स्मिथ (१८०८–१८७४) यांना याच न्यायाने ‘स्क्रू स्मिथ’ हे नाव पडले. ते पेशाने शेतकरी. लंडनजवळच्या हेंडन इथे गुरे राखायची आणि शेतातल्या तळ्यात खेळण्यातली बोट सोडायची, असा त्यांचा दिनक्रम. त्या काळच्या आगबोटींना दोन्ही बाजूंना मोठाली वल्हेचाके असत. स्मिथांच्या बोटीला मागे पाण्याखाली मळसूत्री पंखा होता, आणि तो स्प्रिंगवर फिरे. ३१ मे १८३६ रोजी त्यांनी त्याचे पेटंट घेतले. त्यानंतर सहाच आठवड्यांत जॉन एरिक्सन या स्वीडिश अभियंत्याने लंडनमध्येच जवळपास त्याच कल्पनेचे पेटंट घेतले. स्मिथांनी सहा टनांची बोट बांधून कालव्यात उतरवली आणि तिला सरळ ‘फ्रान्सिस स्मिथ’ असे नाव दिले. पुढल्या वर्षी एरिक्सन यांची बोट टेम्स नदीत आली. तिचे नाव ‘फ्रान्सिस बी. ऑग्डन’. एरिक्सन यांनी ते एका अमेरिकन वकिलातीच्या अधिकाऱ्यावरून ठेवले होते. म्हणजे एकाच शोधाच्या शर्यतीत दोन बोटी, आणि दोन्ही फ्रान्सिस. नावाच्या बाबतीत स्मिथांचे नशीब जन्मभर असेच राहिले.

पंख्याच्या बाबतीत मात्र नशिबाने हात दिला. पहिला पंखा लाकडी होता आणि त्याला मळसूत्राचे दोन पूर्ण वेढे होते. फेब्रुवारी १८३७ मध्ये कालव्यात चाचणी चालू असताना तो कशावर तरी आपटला आणि अर्धा तुटून पडला. आता बोट थांबणार असे वाटत असताना ती एकदम जोरात पळू लागली. उरलेला एक वेढा दोन वेढ्यांपेक्षा चांगले काम करत होता. स्मिथ गणिती असते, तर असे का झाले यावर त्यांनी शोधनिबंध लिहिला असता आणि बोट किनाऱ्यालाच राहिली असती. शेतकरी असल्यामुळे त्यांनी पुढचा पंखा एकाच वेढ्याचा केला आणि बोट थेट समुद्रात नेली. १८३८ साली ‘आर्किमिडीज’ हे मोठे जहाज पाण्यात उतरले. अभियंते ब्रुनेल यांनी ते भाड्याने घेऊन तपासले आणि त्यानंतर आपल्या ‘ग्रेट ब्रिटन’ जहाजाचा वल्हेचाकांचा आराखडा रद्द करून टाकला.

आरमाराला तरीही डोळ्यांनी पाहिल्याशिवाय विश्वास ठेवायचा नव्हता. एप्रिल १८४५ मध्ये पंख्याचे ‘रॅटलर’ आणि वल्हेचाकांचे ‘अ‍ॅलेक्टो’ ही दोन जहाजे पाठीला पाठ लावून दोराने बांधली गेली आणि दोघांना पूर्ण वाफेवर विरुद्ध दिशांना जायला सांगितले. रॅटलरने अ‍ॅलेक्टोला, चाके जोरजोरात फिरत असताना, फरफटत उलटे ओढत नेले. इतका स्वच्छ निकाल शास्त्रीय वादात क्वचित लागतो. स्मिथांना त्यातून संपत्ती काही मिळाली नाही. १८६० साली ते साउथ केन्सिंग्टनच्या पेटंट संग्रहालयाचे व्यवस्थापक झाले, आणि १८७१ साली ‘सर’ झाले.

हेन्री जॉन स्टीफन स्मिथ (१८२६–१८८३) यांच्या वाट्याला टोपणनाव आले नाही, कारण ते ऑक्सफर्डचे गणिताचे प्राध्यापक होते आणि गणितज्ञाला टोपणनाव पडण्याइतके लोक त्याच्याकडे सहसा लक्ष देत नाहीत. खुद्द गणितज्ञांनीही दिले नाही. एखादी पूर्ण संख्या पाच वर्गांच्या बेरजेने किती प्रकारे लिहिता येते, याचे सूत्र स्मिथांनी १८६७ साली प्रसिद्ध केले होते. पंधराएक वर्षांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीने मोठे पारितोषिक जाहीर केले. विषय कोणता, तर एखादी पूर्ण संख्या पाच वर्गांच्या बेरजेने किती प्रकारे लिहिता येते ते शोधणे. स्मिथांनी अकादमीतले थोर गणितज्ञ एर्मीत यांना पत्र लिहून कळवले की हे झालेले आहे आणि आपणच केलेले आहे. एर्मीत यांनी त्यांना सांगितले, तरीही प्रवेशिका पाठवून द्या. मिळालेल्या वस्तूसाठी पुन्हा अर्ज करण्याची ही सरकारी रीत कोणत्याही भारतीय पेन्शनरला ओळखीची वाटेल. स्मिथांनी सिद्धतांसह निबंध पाठवला. एप्रिल १८८३ मध्ये निकाल लागला, तेव्हा पारितोषिक स्मिथ आणि हर्मन मिंकोव्स्की नावाचा अठरा वर्षांचा मुलगा अशा दोघांना मिळाले. स्मिथ फेब्रुवारीतच वारले होते.

त्यांच्या हातून आणखी एक गोष्ट निसटली. कॅन्टर संच या नावाने जगभर शिकवला जाणारा विचित्र संच स्मिथांनी १८७५ साली, म्हणजे कॅन्टर यांच्या आठ वर्षे आधी, मांडला होता. त्याच्याच एका भावंडाला आज स्मिथ–व्होल्टेरा–कॅन्टर संच म्हणतात. तिघांत पहिले नाव स्मिथांचे असूनही विद्यार्थ्यांच्या लक्षात शेवटचेच राहते.

एकोणिसाव्या शतकातले बाकीचे स्मिथ भराभर उरकता येतात. रॉबर्ट अँगस स्मिथ यांनी मँचेस्टरच्या पावसात आम्ल असल्याचे दाखवले. १८६३ च्या अल्कली कायद्याखाली ते पहिले सरकारी निरीक्षक झाले आणि १८७२ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी ‘आम्लवर्षा’ हा शब्दप्रयोग केला. तो शंभर वर्षांनी वर्तमानपत्रांत गाजला, तेव्हा त्यांचे नाव कोणाला आठवले नाही. समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलवर काम करणारे विलोबी स्मिथ यांना चाचणीसाठी मोठा रोध हवा होता, म्हणून त्यांनी सेलेनियमच्या कांड्या वापरल्या. त्या कांड्यांचा रोध सारखा बदलू लागला. कांड्यांवर उजेड पडला की रोध कमी होतो, हे कळले आणि १८७३ साली प्रकाशवाहकतेचा शोध जाहीर झाला. कामात अडथळा आला म्हणून वैतागून शोध लागल्याची जी मोजकी उदाहरणे आहेत, त्यांत याचा क्रमांक वरचा.

ओबर्लिन स्मिथ हे पत्रे ठोकून आकार देणारी यंत्रे बनवणारे अमेरिकन कारखानदार. १८७८ साली ते एडिसन यांच्या प्रयोगशाळेत फोनोग्राफ पाहून आले. सुईच्या खरखरीऐवजी पोलादाचा कीस भरलेल्या दोऱ्यावर चुंबकाने आवाज साठवता येईल, असे त्यांच्या मनात आले. दहा वर्षे वेळ मिळाला नाही, तेव्हा त्यांनी ती कल्पना १८८८ साली एका विद्युत नियतकालिकात छापून टाकली, ज्याला हवी त्याने घ्यावी म्हणून. पुढे डेन्मार्कच्या पोल्सेन यांनी चुंबकीय ध्वनिमुद्रणाचे यंत्र करून दाखवले. कॅसेटच्या पट्टीत गुंडाळलेला स्मिथ कोणाला दिसला नाही.

विसाव्या शतकात टोपणनावे मागे पडली आणि स्मिथांची ओळख त्यांच्या वस्तूंवरून होऊ लागली. यात फिलिप हेगर स्मिथ (१९०५–१९८७) सर्वांत यशस्वी. ते बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत अँटेनांचे काम करत आणि फावल्या वेळी हौशी रेडिओ चालवत. हौशी रेडिओत प्रत्येकाला सरकारकडून स्वतंत्र कॉलसाइन मिळते, ती दुसऱ्या कोणाचीही नसते. या छंदाचे आकर्षण एखाद्या स्मिथला वाटले तर नवल नाही. तारेच्या टोकाला जोडलेल्या अँटेनाचा रोध तारेच्या लांबीनुसार कसकसा बदलतो, याची आकडेमोड तेव्हा जीव नकोसा करी. स्मिथांनी ती एका वर्तुळात बसवली, आणि जानेवारी १९३९ मध्ये तो तक्ता छापून आला. जपानमध्ये मिझुहाशी तोसाकू यांनीही १९३७ साली असाच तक्ता केला होता, पण नाव राहिले ते स्मिथ चार्टचे. स्मिथ या नावाचा एखाद्याला फायदा झाल्याचे हे बहुधा एकमेव उदाहरण. मिझुहाशी चार्ट उच्चारायला तोंडी परीक्षेत जास्त वेळ लागला असता.

महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्यांना फिलिप स्मिथांचा परिचय सविस्तर असतो. परीक्षेत पर्यवेक्षक चार्टचा कागद वाटतात. त्यावर एकात एक अडकलेली वर्तुळे इतकी दाट असतात की पेन्सिलीचे टोक कुठे ठेवले तेच दिसत नाही. कंपासने वर्तुळ काढायचे, मग कडेच्या मापावर सरकायचे. कडेला दोन दिशा छापलेल्या असतात, एक जनरेटरकडे जाणारी आणि दुसरी लोडकडे. नेमका तिथेच अर्धा वर्ग उलटीकडे जातो. शेवटी कंपासच्या टोकाने मध्यभागी भोक पडलेला तो कागद पुरवणीला दोऱ्याने बांधून द्यायचा असतो. वर्षानुवर्षे हे करणाऱ्या मुलांपैकी फिलिप हे पहिले नाव माहीत असलेला सापडणे कठीण. तक्ता स्मिथचा आहे, एवढे पुरते. शिव्या द्यायला आडनाव चालते.

कंट्रोल इंजिनिअरिंगचा विषय घेतलेल्यांना आणखी एक स्मिथ भेटतात, ते स्मिथ प्रेडिक्टरचे. हे बर्कलीचे ओटो जे. एम. स्मिथ. गिझरचा नळ सोडला की गरम पाणी यायला वेळ लागतो. तेवढ्यात माणूस नळ आणखी फिरवतो आणि मग भाजून घेतो. कारखान्यांतल्या नियंत्रकाचेही तसेच होते. या विलंबाचा अंदाज आधीच बांधून नियंत्रकाला संयम शिकवण्याची युक्ती ओटो स्मिथांनी १९५७ साली दिली. पुढल्या सत्रात गणिताच्या पुस्तकात स्मिथ नॉर्मल फॉर्म येतो. तो वर आलेल्या ऑक्सफर्डच्या हेन्री स्मिथांचा, १८६१ चा. भौतिकीत स्मिथ–पर्सेल परिणाम आहे, १९५३ चा. जीवशास्त्रात डीएनएच्या दोन साखळ्यांत नेमके कुठे साम्य आहे हे शोधणारी स्मिथ–वॉटरमन पद्धत आहे, १९८१ ची, टेम्पल स्मिथ यांची. ही सगळी पाच वेगवेगळी माणसे. पण विद्यार्थ्याच्या मनात एकच प्राध्यापक स्मिथ उभे राहतात. १८६१ पासून १९८१ पर्यंत अखंड एकशेवीस वर्षे, रजा न घेता, प्रत्येक विषयात काहीतरी अवघड करून ठेवणारे.

नोबेल देणाऱ्या स्वीडिश संस्थांनी स्मिथांशी संबंध चांगलाच जपला आहे. हॅमिल्टन स्मिथ यांना १९७८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. डीएनए ठरावीक जागी कापणारे विकर त्यांनी जीवाणूत शोधले होते, आणि आजचे बरेचसे जनुकीय तंत्रज्ञान त्या कात्रीवर उभे आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे हॅमिल्टन स्मिथ यांना पारितोषिक, अशी बातमी रेडिओवर लागली. तेव्हा त्यांच्या आई नवऱ्याला म्हणाल्या, हॉपकिन्समध्ये आणखी एक हॅमिल्टन स्मिथ आहे हे मला ठाऊकच नव्हते, अशी गोष्ट सांगतात. जन्मदात्रीने इतका शास्त्रशुद्ध संशय घ्यावा, हे आडनावाचे खरे वजन. विधानात तर्काची चूक शोधूनही सापडत नाही. स्मिथ म्हटले की दुसरा असणारच.

जॉर्ज स्मिथ या नावाने तर नोबेल दोनदा गेले. २००९ चे भौतिकीचे नोबेल जॉर्ज ई. स्मिथ यांना विलर्ड बॉइल यांच्या जोडीने मिळाले. १९६९ साली बेल लॅब्जमध्ये या दोघांनी तासाभराच्या चर्चेत सीसीडीची कल्पना फळ्यावर उतरवली आणि डिजिटल कॅमेऱ्याला डोळा मिळाला. तासाभरानंतर काय करायचे हा प्रश्न जॉर्ज ई. यांनी नोकरी सोडल्यावर सोडवला. १९८६ मध्ये निवृत्त होऊन ते शिडाच्या बोटीने जगभर हिंडले. २०१८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळालेल्यांत होते मिसुरी विद्यापीठाचे जॉर्ज पी. स्मिथ. जीवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूच्या अंगावर हवे ते प्रथिन मिरवायला लावण्याची पद्धत त्यांनी १९८५ साली दाखवली होती. दोघांत फरक करायचा तर ई आणि पी या दोन अक्षरांवर विसंबावे लागते. याशिवाय १९९३ चे रसायनशास्त्राचे मायकेल स्मिथ आहेत, आणि अर्थशास्त्रज्ञ व्हर्नन स्मिथ वेगळेच.

आद्याक्षरांवर विसंबण्याची ही पद्धत संगणकाच्या सूच्या आल्यावर कोलमडली. सूचीत ‘स्मिथ जी’ असे छापले की जॉर्ज, जेराल्ड आणि ग्रेस एका रांगेत येतात आणि एकाचे श्रेय दुसऱ्याच्या खात्यात जमा होते. चिनी संशोधकांची अवस्था आणखी बिकट. मूळ लिपीत वेगवेगळी लिहिली जाणारी नावे रोमन लिपीत आणली की एकच होऊन बसतात. २००७ साली ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या भौतिकीच्या नामांकित नियतकालिकाने एक संपादकीय लिहिले, त्याचा मथळाच ‘कुठले वेई वांग?’ अशा अर्थाचा होता. चिनी, जपानी आणि कोरियन लेखकांना आपले नाव मूळ लिपीतही छापून घ्यायची सोय त्यानंतर झाली.

मराठी संशोधकांना मधले नाव वडिलांचे लावण्याची सवय कामी येते, पण थोडीच. कुरुंदवाडमध्ये जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास रामचंद्र कुलकर्णी १९८२ साली डॉन बॅकर यांच्यासह पहिला मिलिसेकंद पल्सार शोधून एस. आर. कुलकर्णी म्हणून जगाला ठाऊक झाले. पण ‘एस. आर. कुलकर्णी’ ही पाटी महाराष्ट्रातल्या कुठल्याही हाउसिंग सोसायटीत एखादी तरी असतेच. पुण्यात जन्मलेले अरविंद जोशी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात भाषेचे व्याकरण संगणकाला शिकवत होते. चंद्रशेखर जोशी कॅलिफोर्नियात प्लाझ्माच्या लाटेवर इलेक्ट्रॉन पळवत आहेत. दोघांचे क्षेत्र इतके वेगळे की घोटाळा होऊ नये. पण ‘जोशी’ एवढेच टाइप करणाऱ्यापुढे दोघेही एकत्र येतात, आणि सोबत मराठवाड्यातल्या एखाद्या कृषी विद्यापीठातले कापसावर काम करणारे जोशीही. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईंची गोष्ट याहून पुढची. निम्मे निबंध माहेरच्या नावावर, निम्मे सासरच्या, आणि पदोन्नतीच्या मुलाखतीत त्या दोन्ही बाया आपणच आहोत याचा पुरावा मागितला जातो.

यावर तोडगा म्हणून ऑक्टोबर २०१२ मध्ये ऑर्किड ही व्यवस्था सुरू झाली. प्रत्येक संशोधकाला सोळा स्थानांचा क्रमांक मिळतो, शेवटचे स्थान तपासणीचे. ते कधी अंक असते, तर कधी एक्स हे अक्षर. क्रमांक आयुष्यभर बदलत नाही, नाव बदलले तरीही. बहुतेक मोठी नियतकालिके निबंध पाठवतानाच तो मागतात. ज्यांना तो घेतल्याचे आठवत नाही किंवा पासवर्ड सापडत नाही, ते दुसरा ईमेल पत्ता देऊन नवा काढतात. इतकी वर्षे एका नावाची अनेक माणसे होती. आता एका माणसाचे अनेक क्रमांक होऊ लागले. तेव्हा दुहेरी नोंदी एकत्र करण्याची सोयही ऑर्किडला करून ठेवावी लागली आहे. त्यासाठी दोन्ही खात्यांत लॉगिन करून दोन्ही आपलीच असल्याचे सिद्ध करावे लागते.